देण्याघेण्याचा हिशेब आणि आपली मुले

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात कामरेज येथे केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शाळामास्तर. खडू, फळा आणि त्रैराशिक यांपलीकडे माझी धाव नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "सर, आपली शिष्यवृत्ती घेऊन इंजिनिअर झालेली मुले संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसतात. ती तेथे काय करतात, हे एकदा आम्हां सर्वांना समजावून सांगा." हा प्रश्न एकट्या चिटणीसांचा नव्हता. आमच्याच सोसायटीतील एका वहिनींनी मला जिन्यात थांबवून विचारले होते, "सर, पोराची परीक्षा झाली, पदवी मिळाली, पेढे वाटून झाले. मग हा रात्री एक वाजेपर्यंत कसली गणिते सोडवीत बसतो? आता कोणती परीक्षा राहिली?"

वहिनी, एक परीक्षा राहिली आहे. तिचे वेळापत्रक लागत नाही, तिला हॉलतिकीट नसते आणि तिचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागत नाही. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराकडून समोरासमोर संगणकाचा प्रोग्राम लिहवून घेतात, ती ही परीक्षा. आपली चार-पाच मुलेमुली सध्या पैशांच्या देवघेवीची यंत्रणा चालविणाऱ्या कंपन्यांसाठी तिची तयारी करीत आहेत. तेव्हा त्याच कंपन्यांचे उदाहरण घेऊन मी बोलतो.

प्रथम हे काम कसले, ते पाहू. आपण सुरतेच्या उंबरठ्याशी राहतो. सतराव्या शतकात ही सुरत हुंडीच्या व्यवहाराची मोठी पेठ होती. वीरजी व्होरांसारख्या सावकारांशी इंग्रज वखारवाल्यांचीही देवघेव चाले. व्यापाऱ्याने येथे रक्कम भरावी, हुंडी घ्यावी आणि आग्र्याला ती दाखवून पैसे उचलावेत, अशी सोय होती. रोकड वाटेत लुटली जाण्याचे भय त्यामुळे टळे. परंतु हुंडीचा कागदच गहाळ झाला तर काय करावयाचे? जुन्या सराफीत त्यालाही उपाय होता. सराफ दुसरी हुंडी लिहून देई, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती 'परपेठ'. कागद तीन झाले तरी पैसे एकदाच मिळावयाचे. पैसे चुकते झाले की त्या हुंडीला 'खोखा' म्हणत, आणि खोख्यावर पुन्हा कोणी दमडी देत नसे.

आता आजच्या कामरेज चार रस्त्यावर या. एक गिऱ्हाईक लोचोच्या गाडीवर चाळीस रुपये मोबाईलने देते. बटण दाबले, पडद्यावर चक्र फिरत राहिले, रेंज गेली. गिऱ्हाइकाने पुन्हा बटण दाबले. गाडीवाल्याला चाळीस मिळाले की ऐंशी? की गिऱ्हाइकाचे गेले आणि गाडीवाल्याला काहीच मिळाले नाही? दुसऱ्यांदा दाबलेले बटण म्हणजे नवी हुंडी नव्हे, पहिलीचीच पेठ आहे, हे यंत्राला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक द्यावयाचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न हलविता पहिलेच उत्तर परत द्यावयाचे. संगणकवाले या गुणाला 'आयडेम्पोटन्सी' असे जड नाव देतात. आपल्या सराफांना नाव ठाऊक नव्हते, गुण ठाऊक होता.

या कामाचा आवाका किती आहे तेही सांगतो. भारतीय राष्ट्रीय देयक निगम, ज्याला सारे एनपीसीआय म्हणतात, ही संस्था २००८ साली स्थापन झाली. तिने उभारलेल्या यूपीआय पद्धतीचे उद्घाटन ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या पद्धतीने २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भागाकार करून पाहा. दिवसाला सुमारे साडेचौसष्ट कोटी, म्हणजे दर सेकंदाला सरासरी सात हजारांहून अधिक. मी 'एक' म्हणेपर्यंत सात हजार गिऱ्हाइकांनी बटण दाबलेले असते. फोनपे, रेझरपे यांसारख्या कंपन्यांची मुख्य कार्यालये बंगळुरूत आहेत. आपल्या पुण्यातही हे काम जुने आहे. तेथील इलेक्ट्राकार्ड सर्व्हिसेस ही कार्डाच्या व्यवहारांची प्रणाली तयार करणारी कंपनी २०१४ साली मास्टरकार्डने विकत घेतली, आणि पुण्यात मास्टरकार्डचे मोठे तंत्रकेंद्र आहे. आपल्या मुलांना जावयाचे आहे ते अशा ठिकाणी.

मुलाखतीचे स्वरूप बहुधा असे असते. पहिली पायरी घरबसल्या संगणकावर द्यावयाच्या चाचणीची. तीत ठराविक वेळात दोन-तीन प्रश्न सोडवावे लागतात. ती पार पडली की पाऊण ते एक तासाच्या एक-दोन बैठका होतात. त्यांत परीक्षक समोर बसून प्रश्न घालतो आणि उमेदवाराने विचार बोलून दाखवीत प्रोग्राम लिहावयाचा असतो. काही कंपन्या त्यानंतर दीड-दोन तास देऊन एक छोटासा चालता प्रोग्राम तयार करवून घेतात. शेवटी मोठ्या यंत्रणेची आखणी आणि आजवर केलेल्या कामाविषयी प्रश्न.

यांतील साध्यातला साधा प्रश्न आपल्याच देणगीच्या वहीवर मांडून दाखवितो. समजा, वहीत १ लाख पावत्या आहेत. कोणत्या दोन पावत्यांची बेरीज बरोबर १,५०१ होते, ते शोधावयाचे आहे. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक पावती दुसऱ्या प्रत्येक पावतीशी जुळवून पाहणे. त्याला सुमारे ५०० कोटी तुलना लागतील. शहाणा कारकून काय करील? तो पावत्या एकेक करून वाचील आणि वाचलेल्या रकमा बाजूला टिपून ठेवील. हातात ५०१ ची पावती आली की '१,००० पूर्वी येऊन गेले का?' एवढेच तो टिपणात पाहील. टिपण नीट लावलेले असेल तर एका फेरीत, म्हणजे लाखभर नोंदी पाहून, काम संपते. या टिपणाला 'हॅश टेबल' म्हणतात. पाचशे कोटींचे काम लाखावर आणावयाचे आणि त्याच्या बदल्यात किती जागा खर्च झाली तेही सांगावयाचे, हा या परीक्षेचा गाभा आहे.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आपल्या शिष्यवृत्तीवर शिकलेला एक मुलगा पदवीनंतर माझ्याकडे आला. वडील हिऱ्याच्या घंटीवर बसणारे, आणि हिऱ्याच्या धंद्यात मंदी आलेली. घरात तीन महिन्यांची उसंत होती, त्याहून अधिक नव्हती. मी वीस वर्षे मुलांकडून पाढे पाठ करून घेत आलेला माणूस. मी त्याला म्हणालो, "तीनशे प्रश्न निवड आणि त्यांची उत्तरे घोटून काढ." तो रोज संध्याकाळी येई, मी प्रश्नाचे नाव घेई आणि तो उत्तर धडाधड लिहून दाखवी. मला त्याचा अभिमान वाटे. मुलाखतीत त्याला हाच, दोन पावत्यांचा, प्रश्न आला. त्याने चार मिनिटांत उत्तर लिहिले. परीक्षकांनी विचारले, "हीच पद्धत का? आणि एकच पावती वहीत दोनदा नोंदली गेली असेल तर?" मुलगा गप्प झाला. परत आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, "सर, उत्तर बरोबर होते. पण 'का' विचारले तेव्हा माझ्याजवळ काहीच नव्हते."

ते 'काहीच' मी त्याला दिले होते. परीक्षकांचा दोष नव्हता, मुलाचाही नव्हता. तीन महिने संपले आणि तो सुरतेच्या कापड बाजारात एका दुकानी हिशेब लिहावयास बसला.

चार महिन्यांनी एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो जमिनीवर खडूने चौकोन आखून आईला काही समजावून सांगत होता. त्याची आई गल्लीतील बारा बायकांची भिशी चालविते. सहावीपर्यंत शिकलेली बाई. मुलाने सांगितले की, दोन ठिकाणांहून एकाच खात्यातून पैसे काढले तर काय होते ते तो तिला दाखवीत आहे. खात्यात १,००० रुपये. दोन भाऊ दोन खिडक्यांवर एकाच वेळी ८०० मागतात. दोन्ही कारकून वहीत पाहतात, १,००० दिसतात, दोघेही ८०० देतात. आई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "वही दोघांच्या हातात दिलीच कशाला? एकाचं लिहून होऊ दे, मग दुसऱ्याला वही दे." संगणकाच्या पुस्तकात याला 'लॉक' म्हणतात. मग तिने उलट विचारले, "आणि पहिला वही घेऊन चहाला गेला तर बाकीचे किती वेळ उभे राहणार?" मी थक्क झालो. मुलाखतीतला पुढचा प्रश्न नेमका हाच असतो.

त्या दिवशी मला कळले की, ज्याला उलट प्रश्न विचारणारे कोणी नाही त्याचा अभ्यास पुरा होत नाही. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. ती येथे क्रमाने सांगतो, म्हणजे येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, प्रश्न हाती आला की लगेच लिहू नये. आधी तो आपल्या शब्दांत परत सांगावा आणि शंका विचारून घ्याव्यात. वही रिकामी असेल का? रक्कम ऋण असू शकेल का? नोंदी किती? मग हाताने एक लहान उदाहरण सोडवावे. मग ओबडधोबड का होईना, एक मार्ग सांगून त्याचा खर्च मोजावा, आणि त्यानंतर त्यात सुधारणा करावी. लिहून झाल्यावर स्वतःच चूक शोधावी. दुसऱ्याने दाखविण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट, थोडे प्रश्न पण पुरते. दिवसाला दोन प्रश्न पुष्कळ झाले. प्रत्येकाशी अर्धा तास झुंजल्याशिवाय उत्तर पाहू नये. पाहावे लागलेच तर तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा. सहा महिने मिळाले तर पहिले दोन महिने याद्या, क्रमवारी, शोध आणि हॅश टेबल यांना द्यावेत. पुढचे दोन वृक्ष, ग्राफ, पुनरावर्तन आणि 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' यांना. शेवटचे दोन छोटे चालते प्रोग्राम लिहिण्यात आणि मुलाखतीच्या तालमीत घालवावेत. गेल लाकमन मॅकडॉवेल यांच्या 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत. तेवढे समजून सोडविले तरी भक्कम पाया होतो. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने विनामूल्य ऐकावयास मिळतात. महागड्या शिकवणीसाठी कर्ज काढण्याची गरज नाही, हे मी पालकांना आवर्जून सांगतो.

तिसरी गोष्ट पैशांच्या कंपन्यांपुरती, पण महत्त्वाची. पैसा दशांश अपूर्णांकात ठेवू नये, पूर्ण पैशांत ठेवावा. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, ०.३३३ असे लिहीतच राहावे लागते. संगणक दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे त्याला एक दशांश पुरता लिहिता येत नाही. पुष्कळ संगणकभाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता शेवटी एक बारीकशी कणी उरते. ती कणी सेकंदाला सात हजार व्यवहारांत साठू लागली तर हिशेब कोण जुळवणार? आणि पैशांत मोजावयाचे तर डबाही मोठा घ्यावा. ३२ बिटांच्या नेहमीच्या डब्यात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. एवढे पैसे म्हणजे सव्वादोन कोटी रुपयेही नव्हेत. सुरतेच्या हिरे व्यापाऱ्याचे खाते त्यात कसे मावणार? तसेच, १०० रुपये तिघांत सारखे वाटावयाचे असतील तर प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या नावे लिहिला, हे ज्याचा प्रोग्राम सांगत नाही तो नापास. आपल्या संस्थेच्या खजिनदारांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

चौथी गोष्ट भाषेची. आपली बरीच घरे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने इकडे आली. मुले मराठी किंवा गुजराती शाळांत शिकली, आणि मुलाखत बहुधा इंग्रजीत होते. मुले प्रोग्राम लिहू शकतात, पण विचार बोलून दाखविताना अडखळतात आणि लाजेने गप्प बसतात. परीक्षकाला लाज दिसत नाही, गप्प बसणे तेवढे दिसते. यासाठी मी मुलांना प्रत्येक प्रश्न प्रथम मराठीत मोठ्याने समजावून सांगावयास लावतो आणि मग तोच लहान लहान इंग्रजी वाक्यांत. विचार आधी आपल्या भाषेत पक्का झाला की परक्या भाषेत शब्द शोधणे एवढेच काम उरते.

शेवटची गोष्ट सचोटीची. विचारलेला प्रश्न पूर्वी सोडविलेला असेल तर तसे सांगावे. येत नसेल तर येत नाही म्हणावे आणि कोठवर येते ते दाखवावे. घरबसल्या चाचणी देताना शेजारी कोणाला बसवून उत्तरे घेण्याचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. मी मुलांना विचारतो, तू ज्या नोकरीसाठी बसला आहेस ती कशाची आहे? परक्याच्या पैशांची अमानत सांभाळण्याची. जो मुलाखतीत चूक झाकतो तो उद्या खातेवहीतही झाकील. लोचोवाल्याचे चाळीस रुपये अशा माणसाच्या हाती द्यावेत काय?

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दिवसा दुकानात हिशेब आणि रात्री अभ्यास, असे त्याने आणखी आठ महिने काढले. दुसऱ्या मुलाखतीत तो शेवटच्या पायरीवर घसरला. तिसऱ्या वेळी पुण्याच्या एका लहान कंपनीत त्याला काम मिळाले. मनात होती ती मोठी कंपनी ही नव्हे, हे तो स्वतःच सांगतो. पण तेथे तो रोज व्यवहारांचा मेळ घालण्याचे प्रोग्राम लिहितो, आणि आईला फोनवरून अजून प्रश्न विचारतो.

विश्वस्त मंडळींना आता एक विनंती. आपली शिष्यवृत्ती पदवीच्या दिवशी थांबते. कागदोपत्री ते बरोबर आहे. परंतु मुलाची खरी ओढाताण त्याच दिवशी सुरू होते. घर म्हणते, आता कमव. कंपनी म्हणते, अजून तयार नाहीस. या दोहोंच्या मधल्या सहा महिन्यांत आपली हुशार मुले वाटेवरून उतरतात. मुलींचे तर विचारूच नका. 'पदवी झाली, आता स्थळ पाहू' असे म्हणणाऱ्या घराला 'सहा महिने थांबा' असे सांगावयास मुलीच्या बाजूने कोणी उभे राहत नाही. या मांडवात आज अशी एक मुलगी बसली आहे. तिच्या हाती चार महिने आहेत. मी तिचे नाव घेणार नाही. तिच्या वडिलांना मात्र मी येथूनच हात जोडतो. त्या चार महिन्यांत तिच्या अभ्यासाची वेळ कोणी मोडू नये.

मी फार मोठे काही मागत नाही. संस्थेची वाचनालयाची खोली संध्याकाळी सात ते दहा उघडी ठेवावी, दोन संगणक आणि नेटची जोडणी द्यावी, आणि शिष्यवृत्तीची मुदत पदवीनंतर सहा महिने वाढवावी. आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही. आपल्यांत बँकेतून निवृत्त झालेले कारकून आहेत, दुकानांचे मुनीम आहेत, भिशी चालविणाऱ्या भगिनी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी या खोलीत येऊन बसावे. मुलगा किंवा मुलगी फळ्यावर आपला प्रोग्राम समजावून सांगेल. तुम्ही फक्त विचारा: "का?", "पावती दोनदा आली तर?", "उरलेला पैसा कोठे गेला?" प्रोग्राम कळला नाही तरी चालेल, हिशेब तुम्हांला कळतो.

वहिनी, तुमचा मुलगा रात्री एकपर्यंत काय करतो, हे आता ध्यानात आले असेल. आज घरी गेल्यावर त्याला म्हणा, "मला समजावून सांग." आणि कळले नाही तर कळेपर्यंत सोडू नका.